हमालाचे कॉमे

जेठ संपता संपता हौशीराम जांभळीवरून पडला आणि त्याचा डावा खांदा निखळला. बेडशाच्या हाडवैद्यानं तो ओढून जागेवर बसवला, हळदीचा लेप दिला, पण हात पहिल्यासारखा झाला नाही तो नाहीच. अंगरखा घालताना तो छातीच्या वर जाईना, तर ट्रंक डोक्यावर कुठून चढायची? लोणावळ्याच्या स्टेशनावर नऊ वर्षं पार्सलं वाहिलेल्या माणसाला आता आंब्याची रिकामी टोपलीसुद्धा उचलवत नव्हती.

गावात, वडिवळ्यात, या गोष्टीची चार दिवस चर्चा झाली आणि मग लोक आपापल्या खाचरात उतरले. आषाढ लागला होता. भातलावणीच्या दिवसांत मावळात कुणाला कुणाच्या खांद्याचं दुःख करत बसायला सवड नसते. ते सगळं त्याच्या बायकोच्या, कस्तुराच्या, वाट्याला आलं. तिनं हिशेब चटकन केला. खाचरातलं भात सहा महिने पोटाला पुरायचं आणि उरलेले सहा महिने स्टेशन पोसायचं. स्टेशनाच्या पटावरून नवऱ्याचं नाव गेलं की वर्षाचं सहा महिन्यांवर आलं.

नाव जाणार हे जवळजवळ ठरलंच होतं, पण मध्ये पिंटो बाबू पडला. हा गोव्याकडचा माणूस पार्सल ऑफिसात बसायचा. पोट सुटलेलं, तोंडात चिरूट, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी, पण मनानं चांगला. ऑफिसात लिहिणाऱ्याची एक जागा होती. भिजलेल्या, फुटलेल्या, हरवलेल्या मालाची पत्रं इंग्रजीत लिहायची. हौशीराम लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलेला. पुढं बाप गेला, शाळा सुटली आणि दप्तराच्या जागी डोक्यावर ट्रंक आली. पण अक्षर मोत्यासारखं, आणि नऊ वर्षं पार्सलांवरची नावं वाचून वाचून स्पेलिंगं तोंडपाठ झालेली.

पिंटो बाबूनं त्याच्याकडून एक पत्र लिहून घेतलं, वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"हौशीराम, तुझा अक्षर मस्त हाय. स्पेलिंग बी ठीक हाय. लेकिन तुझा कॉमा! पुण्याचा साहेब येनार, तोच परीक्षा घेनार. त्याला दुसरा काय बी चालतो, कॉमा चुकलेला नाय चालत. तुला उचलून बाहेर टाकेल."

साहेब यायला अठरा दिवस होते. बाबूनं पत्रं लिहायचं एक जुनं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. त्याला ना पुढचं पान होतं ना मागचं. ते धोतराच्या सोग्यात गुंडाळून हौशीराम घरी आला आणि ओट्यावर पाटी घेऊन बसला तो बसलाच.

कस्तुरा सावडीला जात होती. पाच घरांच्या पाच बाया. आज एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. तिथं पैसा चालत नाही, बाईला बाई द्यायची. जिनं दांडी मारली तिच्या खाचरात कुणी उतरत नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. या पाचजणींची म्होरकी अंबूबाई. तोंडानं तिखट, हातानं झपाट्याची. तिचा नवरा रखमाजी, तोच आपल्या बैलांनी कस्तुराच्या खाचराची चिखलणी करून देणार होता. त्यामुळं अंबूबाईला दुखवून चालण्यासारखं नव्हतं. कस्तुराचं खाचर ओढ्याकडेचं, सगळ्यांच्या खालचं. तिथलं पाणी उशिरा ओसरायचं म्हणून तिची पाळी शेवटची. तरवा, म्हणजे वाफ्यातली रोपं, मात्र तिनं सगळ्यांबरोबरच टाकलेला. तिची पाळी येईतो रोपं महिन्याची होऊन जाणार होती. त्यावर आणखी आठ-दहा दिवस वाफ्यातच राहिली असती तर ती लावून न लावून सारखीच.

दिवसभर वाकून, डोक्यावरच्या इरल्यावर पाऊस झेलत, ती दिवेलागणीला घरी आली तर चूल थंड, हंडा रिकामा आणि नवरा ओट्यावर तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसलेला. पोटऱ्यांना चिखल सुकून ताणत होता. कंबर तर आपली नव्हेच असं वाटत होतं.

"चूल न्हाई पेटली?" तिनं विचारलं.

"आये पेटवत व्हती. लाकडं वली हायेत म्हणली."

"आत्याबाईंचं डोळं आधीच धुरानं गेल्यात. तुमी काय करत व्हता दिसभर?"

"कॉमे," हौशीराम म्हणाला.

कस्तुरानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पाटी जरा मागं सरकवली. आतून झुंबरबाई, त्याची आई, खोकत म्हणाली, "आगं त्यो शेपटीवाला टिंब आसतोय म्हनं. त्यो चुकला तर साहेब भाकरी काढून घेतोय."

"टिंबासाठी भाकरी?"

"तसंच सांगतोय बया ह्यो."

कस्तुरानं चूल पेटवली. पण तिच्या डोक्यात ते शिरलं आणि शिरलं ते बाहेर पडेना. भाकरी थापताना तिनं दोनदा ओट्याकडं वळून पाहिलं. एवढा बाप्या माणूस, पाच मणाचं ओझं दोघांत झेलणारा, आणि अडला कशावर तर टिंबावर. तिला हसू यायला हवं होतं. आली ती भीती.

दुसऱ्या दिवशी पहाटे हौशीरामनंच तिला हाक मारली. अडचण अशी होती की परीक्षेत साहेब वाचेल ते लिहायचं होतं, आणि तसा मजकूर सांगायला घरात कुणी नव्हतं. मग तो पुस्तकातलं पान पाठ करायचा, पुस्तक मिटायचा आणि पाटीवर लिहायचा. पण नंतर ताडून बघताना त्याला स्वतःची चूक दिसायची नाही. डोळा आपल्याला हवं तेच बघतो.

"तू बग जरा," तो म्हणाला. "पुस्तक धर आन् माजी पाटी धर. शेपट्या तेवड्या मोज."

"मला कुटं वाचता येतंय?"

"वाचायचं न्हाईच. निसती शेपटी कुटं हाय बगायचं."

कस्तुरानं पुस्तक गुडघ्यावर घेतलं. तांदळातला खडा ती सूप हलवता हलवता टिपायची. निंदणीला भातासारखंच दिसणारं तण तिला चार हातांवरून कळायचं. त्या डोळ्यांना कॉमा म्हणजे काय विशेष? खाचरातल्या पाण्यात बेडकाची पोरं वळवळतात, थेट तसला तो दिसला. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"पुस्तकात ह्या वळीत दोन हायेत. तुमच्या पाटीवर सात."

"सात?"

"सात. आन् पुस्तकातल्या दोनांतला एकच तुमच्या जागी जुळतोय. दुसरा पाच शबुद सोडून हाय बगा. तुमी दोन शबदांवरच टाकलाय."

हौशीरामनं डोकं खाजवलं. तिला शब्द कळत नव्हते, पण शब्दांमधली मोकळी जागा कळत होती, आणि तेवढ्यावर तिनं त्या दिवशी अकरा चुका काढल्या. सावडीला जायला उशीर झाला. अंबूबाई बांधावरून म्हणाली, "का गं, नवऱ्यानं खुर्चीवर बसवलं का तुला बी?" बाया हसल्या. कस्तुरा खाली मान घालून चिखलात उतरली. रोपं लावताना तिच्या डोळ्यांपुढं तेच नाचत होतं. पाण्यात खरोखरीचे शेपटीवाले तिच्या बोटांतून सटकत होते आणि तिचा हात मागं पडत होता.

आठ दिवस झाले तरी पाटीवर सातच. कधी आठ. हौशीराम चिडायचा, पाटी पुसायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी लोणावळ्याला जाऊन बाबूलाच विचारायचं ठरलं. जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कस्तुरानं घरचा आंबेमोहर काढला, दोन पायल्या. आता तो हौशीराम वाहून नेणार नव्हता हे उघडच होतं. त्या दिवशी पाळी जिच्याकडं होती तिचा तरवा अजून काढून झाला नव्हता, सावड बंद होती. कामशेत स्टेशनापर्यंत दोन कोस कस्तुरा डोक्यावर तांदूळ घेऊन पुढं आणि नवरा मोकळा मागं असे गेले. वाटेत भेटलेल्या माणसांना तो स्वतःहून सांगत होता, "खांदा निखळलाय माजा." कुणी विचारलं नसलं तरी सांगत होता.

लोणावळ्याच्या फलाटावर त्याचे जुने सोबती बसले होते. एकानं उठून बाकडं झटकल्यासारखं केलं.

"या हौशीराम बाबू. बसा. शाई आणू का?"

हौशीराम हसला. ते हसू कस्तुराला बघवलं नाही. तिनं पिशवी डोक्यावरून उतरवली आणि नुसतीच उभी राहिली.

पिंटो बाबूनं हौशीरामनं लिहून आणलेला कागद घेतला, लाल पेन्सिल घेतली आणि कागदावर देवीचे फोड आल्यासारखं करून टाकलं.

"इधर कॉमा कशाला?"

"दम घेतला तितं," हौशीराम म्हणाला. "शाळेत मास्तरांनी सांगितलेलं. वाचताना जितं दम घ्याल तितं कॉमा."

"बरोबर सांगितला मास्तरनं. पढ. मोठ्यानं पढ."

हौशीरामनं वाचलं. "आय बेग, टू स्टेट दॅट, द सेड बास्केट, व्हिच केम, बाय द मेल..."

बाबूनं चिरूट तोंडातून काढला. तो हौशीरामकडं पाहत होता आणि मधून मधून बाहेर, पुलाकडं. तिथं एक हमाल डोक्यावर दोन ट्रंका घेऊन पायऱ्या चढत होता. चार पायऱ्या, एक हुंकार. चार पायऱ्या, एक हुंकार. बाबूचं पोट हलायला लागलं.

"अरे हौशीराम," तो म्हणाला, "तू ट्रंक घेऊन वाचतो, बाबा! नऊ साल तुझा दम चार पावलांवर तुटतो ना? मग कागद पर बी तिथंच तुटतो. ट्रंक खाली ठेव. फिर पढ."

खिडकीशी जमलेल्या हमालांत हशा पिकला. खरं तर तो त्यांच्याच छातीतला दम होता, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. हौशीरामचे कान तापले. कस्तुराला राग आला. तो बाबूचा नव्हता, त्या हसणाऱ्यांचा होता आणि थोडा नवऱ्याचाही, कारण तोही त्यांच्याबरोबर हसायला बघत होता.

गाडीनं ते परतले. घरी आल्यावर त्यानं ट्रंक खाली ठेवायचा प्रयत्न सुरू केला. आडवा पडून वाचलं. दम कोंडून एका झटक्यात वाचलं, तर एकही कॉमा पडेना आणि डोळे पांढरे झाले. सावकाश वाचलं तर चार शब्दांवर छाती आपली आपणच उचलायची. झुंबरबाई म्हणाली, "पोराला धाप लागलीया, काडा करू का?" परीक्षा सहा दिवसांवर आली होती. कस्तुराला जेवण गोड लागेना. लावणीला वाकली की तिला घर आठवायचं, घरी बसली की तरवा. कुठंच जीव टिकत नव्हता.

अशा एका दुपारी पावसानं इतका जोर धरला की अंबूबाईनंच बायांना घरी पाठवलं. कस्तुरा उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. हौशीराम पाटीवर नुसता हात ठेवून बसला होता.

"काय लिवलंय त्यात?" तिनं विचारलं. इतके दिवस शेपट्या मोजल्या, पण हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"काय आसणार? ती टोपली, काल मेलनं आली ती, फुटली."

"एकच टोपली व्हती का?"

"एकच."

"मग काल आली ते कशाला सांगायचं? टोपली फुटली म्हणलं तरी झालं की."

"तसं न्हाई, सांगायचं आसतंय. निसती माहिती."

कस्तुरानं सुपातून एक गोटा, म्हणजे न सडलेला भाताचा दाणा, उचलला आणि बाजूला ठेवला. "ह्यो काढला तर तांदूळ तांदूळच ऱ्हातोय. तसंच हाय हे. काल आली हे उचलून बाजूला ठेवलं तरी टोपली फुटलेलीच ऱ्हातीया. मग त्याच्या अल्याड एक शेपटी द्या, पल्याड एक द्या. उचलायला दोन बोटं लागत्यात."

हौशीरामनं पुस्तक उघडलं. दोन होते. अल्याड एक, पल्याड एक. त्यानं पान उलटलं. पुढं तसंच दिसणारं वाक्य होतं आणि त्यात एकही कॉमा नव्हता. त्याचा चेहरा पडला.

"हितं न्हाई."

"हितं काय म्हणलंय?"

"दोन टोपल्या व्हत्या. जी काल आली ती फुटली, आज आली ती चांगली हाय."

"मग हितं कसं उचलंल?" कस्तुरा म्हणाली. "उचललं तर कुठली फुटली ते साहेबाला कळणार कसं? हितला दाणा काढायचा न्हाई."

हौशीरामनं पाटी पुसली. ती संध्याकाळ आणि पुढचे चार दिवस तो इंग्रजी वाक्य मनात आधी आपल्या बोलीत सांगायचा, बायकोशी बोलल्यासारखं. बोलताना त्याला धाप लागत नव्हती. बायकोशी कुणी ट्रंक घेऊन बोलत नाही. काय उचलता येतं, काय नाही, ते ती सांगायची. सामानाची यादी आली की म्हणायची, "सावडीला बाया बोलवाव्यात तशी नावं घ्या. दोघींच्या मधी थांबा. शेवटचीला 'आन्' म्हणलं की थांबायला नको." कधी तीही चुकायची, मग पुस्तक खरं धरायचं. सातावरून तीन झाले, तीनावरून दोन. एकदा पूर्ण पान जुळलं. कस्तुरानं पुन्हा पुन्हा मोजलं, सगळे जागच्या जागी. झुंबरबाई चुलीपाशी सगळं ऐकत होती आणि सून आता साहेबीण झाली म्हणून आपल्याशीच पुटपुटत होती.

परीक्षा मंगळवारी होती आणि मंगळवारी सावड अंबूबाईच्या खाचरात. बुधवारी कस्तुराची पाळी.

सोमवारी हौशीराम म्हणाला, "तू चल उद्या."

"मी? मी काय करू तितं? आन् अंबूबाईकडं कोण जाईल?"

"तू भायेर उभी ऱ्हा. निसती उभी ऱ्हा. तू समोर नसलीस तर मी परत ट्रंक उचलतोय. मला ठावं हाय."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या माणसानं तिच्याकडं पाणी मागितलं होतं, भाकरी मागितली होती, पण 'चल' असं कधी मागितलं नव्हतं. ती अंबूबाईच्या दारात गेली आणि उद्या येत नाही म्हणाली.

"मग परवा आमी बी येत न्हाई," अंबूबाई म्हणाली. "नवऱ्याला बाबू करायचा तर कर बाई. सावडीला बाईला बाई पायजे. मी नियम मोडला तर उद्या चौघी मोडतील."

यात अंबूबाईचं काही चुकलं होतं असं नाही. कस्तुरा परत आली आणि ओट्यावर बसली. सांगावं तर नवऱ्याचा धीर सुटेल, न सांगावं तर तरवा वाफ्यात म्हातारा होईल. झुंबरबाई आतून बाहेर आली. तिनं सुनेचं तोंड पाहिलं आणि सगळं काढून घेतलं.

"बाईला बाईच पायजे ना?" म्हातारी म्हणाली. "मी काय बाप्या हाय का? मी जाती."

"आत्याबाई, तुमच्यानं वाकवतंय का?"

"मी वाकलेलीच हाय. निम्मं काम झालंय."

मंगळवारी सकाळी सासू इरलं घेऊन एकीकडं गेली आणि सून दुसरीकडं. कस्तुराला वाटलं, आपण चोरी करून पळतोय.

पार्सल ऑफिसच्या खिडकीबाहेर ती उभी राहिली. वर पत्रा होता, पण वाऱ्यानं पाऊस आत येत होता. साहेब तांबड्या मिशांचा, गोरा, कोरड्या चेहऱ्याचा. तो हातातल्या कागदावरून भराभर वाचत सुटला. हौशीरामनं एकदा खिडकीकडं पाहिलं आणि टाक उचलला. सुरुवातीला त्याचा खांदा वर चढला, ओझ्याखाली चढतो तसा. मग तिला दिसलं की त्याचे ओठ हलतायत. आणि त्याचा तो लुळा डावा हात टेबलावर पडला होता, त्याची दोन बोटं काहीतरी उचलत होती, बाजूला ठेवत होती. त्यानंतर लिहिणं संपेपर्यंत तिनं आत पाहिलंच नाही. ती रुळांकडं बघत उभी राहिली.

साहेबानं कागद तपासला. पेन्सिल ओळीओळीवरून गेली आणि एकदाच टेकली. मग तो काहीतरी बोलला, पिंटो बाबूनं हौशीरामच्या पाठीवर थाप मारली आणि नेमकी निखळलेल्या बाजूला मारली. हौशीराम कळवळला तरी हसत होता. साहेबानं आणखी एक काहीतरी विचारलं. कस्तुराला इंग्रजी कळत नव्हतं. पण हौशीरामनं उत्तर देताना 'पिंटो' असं म्हटलेलं तिला स्वच्छ ऐकू आलं, आणि पिंटो बाबू आश्चर्यानं मान हलवत हसला तेही दिसलं.

कामशेतला उतरून ते चालायला लागले. पाऊस थांबला होता. हौशीराम आज पुढं चालत होता.

"येक तारखेपास्नं खुर्ची," तो म्हणाला. "येकच चूक निघाली. येकच."

"शेवटाला साहेब काय इचारत व्हता?"

"कुटं? ते आपलं..."

"काय आपलं?"

"कुणी शिकवलं म्हणाला."

कस्तुरा पावलं उचलून त्याच्या बरोबरीला आली.

"मी बाबूंचं नाव सांगितलं," हौशीराम म्हणाला. "बायकोनं शिकवलं म्हणलो आसतो तर हसला आसता त्यो. सगळं ठेसन हसलं आसतं."

"मला हसलं आसतं का तुमाला?"

हौशीराम भराभर पुढं निघाला. तिला इतकं लागलं होतं की खांदा निखळल्यावर असंच होत असेल असं तिला वाटलं. नोकरी राहिली होती, सहा महिन्यांचं वर्ष पुन्हा बारा महिन्यांचं झालं होतं, तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता. पण तो या दुसऱ्या दुखण्याखाली कुठं तरी दबून पडला होता.

अंबूबाईच्या खाचराशी पोचले तेव्हा दिवस कलला होता. दोन वाकुऱ्या, म्हणजे खाचराचे दोन लहान तुकडे, लावायच्या राहिल्या होत्या. झुंबरबाई पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी होती. बायांनी तिला दुपारी बांधावर बसवलं तर ती दोनदा परत उतरली होती, असं नंतर कळलं. कस्तुरानं लुगडं खोचलं, सासूच्या हातातली रोपांची मूठ काढून घेतली आणि तिच्या जागी वाकली. म्हातारी बांधावर चढली खरी, पण घरी जाईना.

"झाला का गं बाबू?" अंबूबाईनं वाकल्या वाकल्या विचारलं.

"झाला."

"शिकवलं तरी कुणी एवडं? त्या गोव्याच्या बाबूनं?"

कस्तुराचा हात चिखलात होता. तिनं रोप टोचलं, दुसरं टोचलं.

"मी शिकवलं," ती म्हणाली.

खाचरात हशा पिकला. एकीच्या हातातली मूठ पाण्यात पडली. अंबूबाईला तर इतकं हसू आलं की ती कमरेवर हात देऊन सरळ झाली. बांधावर हौशीराम उभा होता, त्याचं तोंड उतरलं. याच हसण्याला तो भ्याला होता आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. त्याची बायको मात्र खाली मान घालून रोपं लावतच होती.

"हसू नका गं," झुंबरबाई बांधावरून म्हणाली. "चुलीपाशी बसून मी रोज आयकलंय. हिनंच शिकवलंय त्याला. इचारा त्यालाच, त्यो काय मुका न्हाई."

हसणं बंद पडलं. चौघीजणी आणि बांधावरची म्हातारी, सगळ्या हौशीरामकडं बघायला लागल्या. नाही म्हणावं तर आई खोटी पडत होती. त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा पायांकडं.

"व्हय," तो म्हणाला. "हिनंच शिकवलं." आणि मग घाईघाईनं, "पर ठेसनावर कुणी बोलू नका."

कस्तुरा खाचरात उतरल्यापासून पहिल्यांदा ताठ झाली. तिनं चिखलाच्या हातानंच कपाळावरचे केस मागं सारले आणि नवऱ्याकडं सरळ पाहिलं.

"कुणी न्हाई बोलणार," ती म्हणाली. "शुक्रवारी बाजाराला मी लोणावळ्याला जाणार हाय. तवा माजं मीच सांगन, बाबूला बी आन् त्या बाकड्यावरच्या हमालांना बी. हसू द्या मला."

हौशीराम बांधावर तसाच उभा राहिला. तिनं त्याला आईला घरी न्यायला सांगितलं आणि परत वाकली, कारण अंधार पडायच्या आत अजून दोन वाकुऱ्या लावायच्या होत्या.